विसराळू सॅम्पलर

अन्याय झाला तो अणदूरच्या आमच्या संबळवाल्या काकांवर. कधी झाला तेही लिहून ठेवा: गेल्या मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारी, दुपारच्या पंगती उठत असताना, तेरला, त्यांच्या सख्ख्या पुतणीच्या हळदीच्या मांडवात. काका कमरेला संबळ बांधून उभे राहिले आणि साउंडवाल्या पोरानं चांगल्या शब्दांत, हात जोडून, त्यांना खाली बसवलं.

"काका, राहू द्या. तुम्हाला माईक लावायचा म्हंजे परत सगळं खोलावं लागंल. पेटीत हाय की संबळ."

आणि त्यानं समोरच्या यंत्राच्या पेटीवर बोट टेकवलं. स्पीकरमधून जो संबळ घुमला तो काकांचाच होता. त्यांचाच हात, त्यांचंच कातडं, अणदूरला त्यांच्याच घरात वाजवलेला. मी ओळखला, कारण तो यंत्रात भरला तेव्हा मी तिथं होते, आणि त्या ठोक्याच्या शेपटीला माझ्या मामाच्या आवाजातला एक दबका 'उ' चिकटलेला आहे. काकांनीही ओळखला. ते प्लास्टिकच्या खुर्चीत बसून स्वतःलाच ऐकत राहिले.

मी पत्रकं लिहिते. लोककलावंतांच्या ओळखपत्रासाठी, मानधनासाठी, तहसीलसमोर बसायचं असलं की पत्रक माझ्याकडे येतं. मागणी ठळक, कारणं थोडक्यात, खाली सह्या. ही गोष्ट तशा पत्रकात बसत नाही. कारण ती सांगायची तर आम्ही ते यंत्र, तो सॅम्पलर, कसा निवडला ते सांगावं लागतं, आणि ते सांगायला बसले की माझा राग मधेच कुठेतरी उतरतो. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात चांगलं वर्ष होतं. तरी सांगते.

माझ्या मामांची लोहाऱ्याला बँजो पार्टी होती. एक टेम्पो, त्यावर चढवलेले स्पीकर, मागे ओढत न्यायचा जनरेटर, बँजोवर स्वतः मामा, आणि सगळ्यांच्या पुढं, टेम्पोच्याही पुढं, चालत वाजवणारे संबळवाले काका. ते गोंधळ्याच्या घरातले. मिशीला कलप, कपाळाला मळवट, आणि तालुक्यातल्या निम्म्या लोकांना "तुज्या बापाच्या लग्नात मीच होतो" असं तोंडावर ऐकवायची सवय. मामा त्यांना 'गुरू' म्हणायचे, ते मामांना 'मालक'. दोघांनीही ते कधी मनापासून म्हटलेलं मी ऐकलं नाही.

मी कॉलेजात होते आणि पार्टीत कीबोर्ड वाजवायचे. लग्नातल्या बायका माझ्याकडे बोट दाखवून आपसात बोलायच्या. मला ते फार आवडायचं.

त्या वर्षी मामांनी एका मोडलेल्या ऑर्केस्ट्राकडून सिक्वेन्सर घेतला. टिफिनच्या डब्याएवढा, सेलवर चालणारा. त्याला स्वतःचा आवाज नसतो. कोणता ठोका कधी पडायचा एवढं तो लक्षात ठेवतो आणि पाच पिनांच्या वायरीतून दुसऱ्या यंत्राला सांगतो: आता मार, आता थांब. आम्ही तो कीबोर्डला जोडला. ताल अचूक यायचा, पण कीबोर्डात भरलेले ड्रम परदेशी. गोंधळाची चाल लावली की असं वाटायचं, कुणीतरी रिकामा पत्र्याचा डबा बडवतंय. म्हणून सॅम्पलर घ्यायचं ठरलं. सॅम्पलर म्हणजे ज्यात खरा आवाज भरून ठेवायचा आणि हाक आली की तोच आवाज बाहेर काढायचा, असं यंत्र. आसपासच्या सगळ्या पार्ट्यांनी घेतलं होतं. लोक त्याला पॅड म्हणायचे. नसलं की विचारायचे, "तुमच्यात पॅड न्हाय व्हय?"

घ्यायला सोलापूरला निघालो. लोहाऱ्याहून एसटीनं मी आणि मामा, आणि अणदूरच्या स्टॉपवर काका चढले. त्यांना मामांनी बोलावलं नव्हतं. मी बोलावलं होतं. ते मामांच्या शेजारी जाऊन बसले, पिशवी मांडीवर घेतली आणि बस हलायच्या आत विचारलं, "मालक, हे यंत्र आल्यावर मी कुठं बसायचं? टेम्पोत का घरी?"

मामा खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "गुरू, तुमी जरा पाठ टेका."

"पाठ टेकायचीच हाय. कुठं ती इचारतोय."

मामा सोलापूर येईपर्यंत खिडकीतूनच बघत राहिले. प्रश्न काही अवघड नव्हता. संबळ यंत्रात गेला की संबळवाल्याचं काय करायचं, एवढाच होता. तो प्रश्न पोटात घेऊन आम्ही तिघं दुकानात शिरलो.

दुकानदारानं काउंटरवर दोन यंत्रं मांडली. पहिलं नवं, चकचकीत, वर रबराचे चौकोन. काठीनं मारा नाहीतर वायरीनं सिक्वेन्सर जोडा. सुरू केलं की लगेच तयार. आत ढोलकी, हलगी, संबळ, सगळं आधीच भरलेलं. आपला आवाज भरता यायचा, पण अगदी आखूड, आणि एक ठोका पडला की आधीच्या ठोक्याचं घुमणं कापलं जायचं. दुसरं जुनं, राखाडी, विटेसारखं जड. त्यावर मारायला काही नाही, सिक्वेन्सरनं हाक मारली तरच वाजणार. आत एकही आवाज नाही. पण आपला आवाज हवा तेवढा लांब भरता यायचा, जोडीतल्या मोठ्या संबळाचं घुमणं पार विरेपर्यंत, आणि पुढचा ठोका पडला तरी मागचा घुमत राहायचा.

"मग ह्यात खोड काय?" मामांनी विचारलं. स्वस्त वस्तूकडे ते नेहमी अशाच नजरेनं बघायचे.

"लाईट गेली की सगळं विसरतंय," दुकानदार म्हणाला. "लाईट आली की कार्डावरून परत भरून घ्यायचं. तवर मुकं. नवं घ्या मामा, तुमच्या भागाला हेच बरं." आणि त्यानं नव्या यंत्राचा चौकोन दाबला. संबळ वाजला. परत दाबला, परत तसाच वाजला. दहादा दाबला असता तरी तसाच वाजला असता.

काकांनी मान वाकडी करून ऐकलं. "हे वाजवलंय कुणी?"

"कंपनीनं."

"कंपनीला हात असतेत व्हय?"

"हात न्हाईत," दुकानदार हसत म्हणाला, "पण थकत बी न्हाय, आन हळदीत बाटली बी मागत न्हाय."

"म्या कवा मागितली? लोकच आणून देतेत. न्हाय म्हणलं तर त्यंला राग येतो."

दुकानात सगळे हसले, दुकानदारही. मामा हसले नाहीत. ते नव्या यंत्रावरून हात फिरवत होते आणि मला कळत होतं की निवड झाली आहे.

मी भांडले. मी म्हटलं, मामा, हाच संबळ उमरग्याच्या पार्टीत आहे, हाच तुळजापूरच्या पार्टीत आहे. उद्या सगळ्यांचा संबळ सारखाच वाजला तर लोकांनी आपल्याला का बोलवावं? टेम्पोच्या रंगासाठी? मामा धंद्यातले, भावनेला ते हलायचे नाहीत, पण हे त्यांना लागलं. त्यांनी जुन्या यंत्राकडे पाहिलं.

"पण लाईट," ते म्हणाले. "भर वरातीत जनरेटर खोकला तर? नवरदेव घोड्यावर आन आपण मुके?"

"मुकं किती येळ?" काकांनी विचारलं.

"चहा कपात ओतून होईस्तोवर," दुकानदार म्हणाला. "जास्तीत जास्त."

"मग तेवढा येळ मी हाय की."

मामांनी तंबाखूची डबी खिशातून काढली आणि न उघडताच परत ठेवली. "म्हंजे गुरू, तुमच्यासाठी म्या खोडीचं यंत्र घ्यावं?"

"खोडीचं न्हाय, इसराळू हाय. तुमी बी इसराळूच हाव, मालक. वहिनींनी तुमाला इकलं का?"

"ह्यांना येताना घराच्या अलीकडंच, नळदुर्गला उतरवून देऊ," मामा मला म्हणाले. पण राखाडी यंत्र त्यांनी दोन्ही हातांनी उचलून बघितलं, लेकराचं वजन बघावं तसं, आणि दुकानदाराला म्हणाले, "बांधा."

पुढच्या रविवारी दुपारी आम्ही अणदूरला काकांच्या घरी आवाज भरायला बसलो. आवाज भिंतींवर आपटू नये म्हणून घरातल्या सगळ्या गोधड्या दोऱ्यांवर टांगल्या. मी माईक लावला, कार्ड घातलं, म्हटलं, काका, मारा.

काका हलले नाहीत. "आई कुठाय?"

संबळ देवीचा. तिचं नाव घेतल्याशिवाय त्याला काठी लागत नाही, हे मला ठाऊक होतं. पण हे काही वाजवणं नाही, नुसतं भरून घेणं आहे, असं मी म्हणून बसले. काका म्हणाले, "हात तोच, काठी तीच, मग वाजवणंच की." काकूंनी पाटावर धान्याचा चौक मांडला, नारळ ठेवला, दिवटी लावली. गोधड्यांच्या आत धूर कोंडला. मामा खोकायला लागले. खोकला थांबेपर्यंत आम्ही थांबलो.

"आता एकच ठोका, काका. मोठ्यावर. एकच."

"एका ठोक्याला कोण येतंय?"

"मारा तरी."

त्यांनी मारला. काय मारला! अजून माझ्या छातीत आहे तो. आणि ठोका घुमून विरायच्या आत घरात होते नव्हते तेवढे सगळे एका दमात ओरडले, "उदो!"

मी यंत्र थांबवलं. म्हटलं, गप्प राहायचं आहे. सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसरा ठोका. "उदो!" या वेळी भिंतीपलीकडून शेजारच्या म्हातारीचाही आला. आमच्या मुलखात संबळाचा ठोका पडला आणि माणूस गप्प राहिला असं होत नाही. तोंड आपोआप उघडतं. शिंक अडवावी तसं अडवावं लागतं. काकू पदर तोंडात धरून बसल्या. शेजारी निरोप पाठवला. सगळ्यात वाईट मामा. "गप बसा रे सगळे" असं दम देऊन सांगायचे आणि ठोका पडला की सगळ्यांच्या आधी यांचाच आवाज. शेवटी मी त्यांना टॉवेल दिला. तो त्यांनी तोंडाशी दाबून धरला आणि तरीही सगळ्यात चांगल्या ठोक्याच्या शेवटी टॉवेलमधून एक 'उ' निसटलाच. पुढचा 'दो' त्यांनी गिळला.

"हा खराब झाला," मी म्हटलं.

"तोच ठेव, माय," काका म्हणाले. "असला परत न्हाय पडायचा."

तो ठेवला. शेपटी कापून पाहिली, तर घुमणंही कापलं जायचं. म्हणून 'उ'सकट ठेवला. दिवटी विझेपर्यंत लहान-मोठ्या संबळाचे बाकीचे ठोके भरून घेतले. मग काकूंनी सगळ्यांना नारळ फोडून दिला आणि यंत्रालाही हळदकुंकू लावलं. ते कुंकू त्या राखाडी रंगावर शेवटपर्यंत होतं.

पहिल्या लग्नात लाईट गेली नाही. सिक्वेन्सर सांगत होता, सॅम्पलर वाजवत होता, आणि काका पुढं नुसते चालत होते, संबळ बांधून, काठ्या हातात. मला ते बघवेना. दुसऱ्या लग्नात, एका खेड्यातल्या वेशीजवळ, दिवस मावळायच्या सुमाराला, जनरेटर खोकला आणि थांबला. टेम्पो मुका. घोड्यावरचा नवरदेव मागे वळून बघायला लागला. मामांचा हात बँजोवर तसाच राहिला. आणि काकांनी एक पाऊल पुढं टाकलं.

स्पीकर नाही, माईक नाही. लोक आधी जवळ सरकले, कारण लांबून ऐकू येणार नव्हतं. मग गोल झाला. मग कुणीतरी ओरडलं, "आई राजा उदो उदो!" आणि अख्ख्या वरातीनं ते उचललं. काका गोलात फिरत होते, मिशा फेंदारलेल्या, डोळे कुणाकडेच नाहीत. जनरेटर चालू झाला. मी कार्डावरून आवाज भरून घेतले. मामांनी डोळ्यांनीच विचारलं, झालं का? आणि मी मान हलवली, अजून नाही.

झालं होतं. केव्हाच झालं होतं. मामांनाही कळलं होतं. यंत्रावरचा तयार झाल्याचा दिवा त्यांनाही दिसत होता. त्यांनी बँजो खाली ठेवला आणि टेम्पोच्या फळीवर पाय खाली सोडून बसले, पाहुणे असल्यासारखे.

त्या लग्नसराईत असं कितीदा झालं ते मी मोजलं नाही. लाईट जायची, काका पुढं व्हायचे, मी 'अजून नाही' म्हणायचे. पुढं पुढं लोकच मामांना म्हणायला लागले, "मालक, तुमचा जनरेटर आज बंद पडना व्हय?" एका लिंगायत घरच्या लग्नात, सीमेकडच्या गावात, एक आजोबा कानडीत काहीतरी बोलले आणि सगळे हसले. मी विचारलं तर त्यांच्या सुनेनं सांगितलं, "ते म्हणतेत, इंजिनात पाणी घाला, म्हंजे म्हाताऱ्याला वाजवाय मिळंल." आम्ही पाणी घातलं नाही. पण मामांनी खरंच, शांतपणे, जनरेटरचं बटण दाबलं. काकांना कळू नये म्हणून पाठ करून दाबलं. काकांना कळलं. त्या दिवशी ते उगाच जास्त वेळ वाजवत राहिले आणि नंतर मामांना म्हणाले, "मालक, तुमचं यंत्र लईच इसराळू व्हायलंय." मामा म्हणाले, "तुमच्या संगतीनं."

एसटीत विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मामांनी शब्दांत कधीच दिलं नाही. पण पार्टी होती तोवर काका टेम्पोच्या पुढं होते. घरी नाही, टेम्पोतही नाही. पुढं.

मग लग्नंच बंद झाली. सगळं जग घरात बसलं, पार्टी मोडली, आणि आजारपणात मामांनी सामान विकून टाकलं. सॅम्पलर गेला, कार्ड त्यातच गेलं. मामाही पुढच्या वर्षी गेले. त्या कार्डावरून कुणी कुणाच्या पेनड्राइव्हमध्ये आवाज घेतले, त्यानं पुढे कुणाला दिले, हे आता कुणीच सांगू शकत नाही. आणि आजची यंत्रं विसरत नाहीत. लाईट गेली काय, आली काय, सगळं जागच्या जागी.

तेरला, मांडवात, हळद लागत आली तेव्हा मी त्या साउंडवाल्या पोराकडे सरळ चालत गेले. म्हटलं, "हा संबळ कुठला?"

"ताई, मित्रानं दिलाय. 'संबळ देशी' म्हणून फाईल हाय."

"कुणाचा आहे?"

"कुणाचा म्हंजे? टोन हाय तो."

"तू आत्ता ज्यांना खाली बसवलंस, त्यांचा आहे."

तो आधी हसला. मग मी हसत नाही हे त्याला दिसलं. त्यानं काकांकडे पाहिलं, त्यांच्या हाताकडे पाहिलं. पोरगा वाईट नव्हता, हे मला मुद्दाम लिहायचं आहे. वाईट असता तर पत्रक लिहिणं सोपं गेलं असतं. तो धावत जाऊन काकांच्या पाया पडला, म्हणाला, "काका, मला खरंच म्हाईत नव्हतं. तुमी वाजवा, मी माईक लावतो, सगळं खोलतो."

काकांनी त्याला दंडाला धरून उठवलं. "आरं, माईक कशाला? मला कवा लागला?" मग मांडवाकडे पाहिलं. बायका पाट उचलत होत्या, पुतणीला आत नेलं होतं. "आता नको, बाळा. लागून झाली तिची हळद."

त्यांनी कमरेची गाठ सोडली आणि संबळ कापडात बांधला. त्यांनी पुतणीला तान्ही असताना मांडीवर घेऊन, बोटांनी हलकेच संबळ वाजवून झोपवलं होतं, असं काकू मला नंतर म्हणाल्या. तिच्या हळदीला ते संबळ बांधून मांडवात उभे होते आणि त्यांचा संबळ त्यांच्याशिवाय वाजून गेला. ही चोरी कोणत्या कलमात बसते ते मला माहीत नाही. ती भरून कशी द्यायची हेही माहीत नाही. पुतणीची हळद परत लागणार नाही.

तुमच्या घरची अजून लागायची आहे. म्हणून तुम्हाला सांगते, विनंती म्हणून नाही. साउंडवाल्यानं पेटीतून संबळ लावला, हलगी लावली, ढोलकी लावली, की उठा आणि विचारा: हा हात कुणाचा? त्याला माहीत नसेल तर बंद करायला लावा. माहीत असेल तर ते नाव माईकवर, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं, घ्यायला लावा. आणि वाजवणारा माणूस मांडवात असेल, कोपऱ्यात असेल, पंगतीत असेल, तर पहिली हळद लावायच्या आधी जा, त्याच्या हाताला धरा आणि त्याला पुढं आणून उभा करा.